चित्राविषयी बोलावे कसे? आपल्या शब्दांचा थोडा इतिहास



स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की लढाया, तह आणि वंशावळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज आपण जरा निराळ्या इतिहासाकडे वळू या. चित्र, शिल्प किंवा इमारत पाहिल्यावर तिच्याविषयी बोलण्यासाठी जे शब्द लागतात, ते आपल्या भाषेत कोठून आले आणि त्यांचा उपयोग काय, हा या लेखाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल, पण वर्गात एखादे उत्तम चित्र मुलांपुढे धरा आणि विचारा, "काय दिसते?" बहुतेक मुले "छान आहे, सर" एवढे म्हणून खाली बसतात. ही मुले मंद नव्हेत. हीच मुले क्रिकेटच्या सामन्यावर अर्धा तास न थांबता बोलतील, कारण यॉर्कर, गुगली, स्लिप, कव्हर हे शब्द त्यांना तोंडपाठ आहेत. ज्याचा शब्द ठाऊक असतो ते डोळ्याला लवकर सापडते. चित्राच्या बाबतीत आपण मुलांना शब्दच दिलेले नाहीत, आणि चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकण्याची आपली जुनी रीत आहेच!

वास्तविक आपल्या भागातील घरांना हे अवघड जाऊ नये. निगडी, चिंचवड, भोसरी, चाकण येथील कितीतरी पालक कारखान्यात रोज ड्रॉइंग वाचतात. प्लॅन कोणता, एलेव्हेशन कोणते, सेक्शन कोठे घेतला आहे, हे त्यांना सांगावे लागत नाही. कागदावरची सपाट रेघ पाहून लोखंडाचा घन आकार मनात उभा करणे ही काही लहान गोष्ट नव्हे. घरातील स्त्रिया दुपट्ट्याचा काठ पाहून टाका कोणता, रंग उडेल की टिकेल, हे क्षणात सांगतात. म्हणजे पाहण्याची सवय घरात आहे, फक्त ती चित्रापर्यंत पोचलेली नाही.

आपल्याकडे हे शब्द मुख्यतः दोन वाटांनी आले. एक वाट संस्कृत ग्रंथांची. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. त्यात मार्कंडेय ऋषी वज्र राजाला सांगतात की नृत्य समजल्याखेरीज चित्र समजणार नाही. त्याच ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण आहे. चित्रातले जाणकार आधी रेषेकडे पाहतात, कोणी छायेच्या कामाकडे पाहतात, कोणाचे लक्ष दागिन्यांकडे जाते, आणि सामान्य माणूस रंगांच्या भडकपणावर खूश होतो! आजही परिस्थिती फारशी बदललेली नाही. पुढे इ. स. ११२९ च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांचे प्रकार सांगितले गेले. आरशातल्या प्रतिमेसारखे हुबेहूब ते विद्ध, केवळ आकाराची जाणीव देणारे ते अविद्ध, आणि कोरड्या पुडीने जमिनीवर काढलेले ते धूलिचित्र, म्हणजे आपली रांगोळी. हे कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, मराठी मुलखाला लागूनच आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास यशोधर नावाच्या टीकाकाराने चित्राची सहा अंगे नोंदली: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. सोप्या मराठीत सांगायचे तर आकारांमधला फरक, मापांचा मेळ, मनाची अवस्था, सौंदर्याची मांडणी, मूळ वस्तूशी साम्य आणि रंगांचा व कुंचल्याचा वापर.

दुसरी वाट फारसी आणि अरबीची. बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही या दख्खनच्या राजवटींत दरबार, बाजार आणि कारखाने यांच्या बोलण्यातून हे शब्द मराठीत उतरले आणि इतके मुरले की आज कोणी त्यांना परके म्हणत नाही. नक्षी, तसबीर, खाका, कमान, घुमट, मिनार, कारागीर हे शब्द उच्चारताना कोणता मराठी माणूस अडखळतो? कमान म्हणजे मुळात धनुष्य. दरवाजाच्या वरचा बाक पाहून त्याला धनुष्याचे नाव देणाऱ्या माणसाची नजर चित्रकाराचीच म्हणायची. रंगांची नावे पाहा: गुलाबी, आसमानी, किरमिजी, बदामी. त्यांच्याशेजारी जांभळा, पोपटी, मोरपंखी, अबोली ही नावे सुखाने नांदतात. तेव्हा ज्या मुलाच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते, त्याने मराठीतील चित्राच्या शब्दांपुढे बुजण्याचे कारण नाही. त्यातला बराच ऐवज त्याच्या घरचाच आहे.

आता एकेक शब्द हाती घेऊन तो प्रत्यक्ष कसा लागू होतो ते पाहू. पहिला अर्थातच रेषा.

रेषा कळण्यासाठी अजिंठ्यापेक्षा चांगली शाळा नाही. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासून पाचव्या शतकापर्यंत कोरलेली ही लेणी पुढे रानात हरवली आणि १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र आपण पुस्तकात पाहिले असेल. मान एका बाजूला कललेली, कमरेत बाक, हातात निळे कमळ. भुवईची रेघ पाहा. ती एकाच जाडीची नाही; कोठे दबलेली तर कोठे हलकी आहे, आणि एवढ्या एका रेघेने डोळ्यांतील करुणा उभी केली आहे. अशा रेषेला लयदार रेषा म्हणतात. कारखान्यातील ड्रॉइंगची रेघ मुद्दाम सारख्या जाडीची ठेवतात, कारण तिला माप सांगायचे असते. अजिंठ्याच्या रेघेला मनाची अवस्था सांगायची आहे. काम वेगळे म्हणून रेघ वेगळी.

या चित्रांच्या नकला करण्याचा इतिहास मोठा करुण आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे तेथे राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून पुन्हा काम केले. त्यातीलही पुष्कळ चित्रे १८८५ साली लंडनमधील आगीतच गेली. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी तिसरा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्यासोबत बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार ही मंडळी होती आणि हैदराबादहून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन काजी हे दोन चित्रकार आले होते. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचेच क्युरेटर झाले. ही नावे आपल्या मुलांना ठाऊक नसतात, म्हणून मुद्दाम देतो.

अजिंठा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तेथील पुरातत्त्व खाते १९१४ साली सुरू झाले आणि त्याची धुरा गुलाम यजदानी यांच्याकडे आली. चित्रांचे पोपडे सुटत होते, म्हणून १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावून ते सांभाळण्यात आले. यजदानींनी १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत 'अजंता' हा ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून एक शिस्त शिकण्यासारखी आहे. ते आधी चित्रात काय आहे ते सांगतात: कोण बसले आहे, कोण उभे आहे, हाताची ठेवण कशी, वस्त्र कोणते, मागे काय आहे. त्यानंतर प्रसंग कोणता याचा विचार करतात. चित्र चांगले की वाईट हा निकाल सर्वांत शेवटी. आपण नेमके उलटे करतो. निकाल आधी देतो, आणि मग बोलायला काही उरत नाही!

दुसरा शब्द प्रमाण. येथे मला चित्राऐवजी अक्षरांचे उदाहरण घ्यावेसे वाटते, कारण ते आपल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न मुक्ला नावाचा वजीर होऊन गेला. तो थोर खुशनवीस होता. त्याने अरबी अक्षरांना माप दिले. बोरूचे टोक कागदावर टेकवले की चौकोनी ठिपका उमटतो. तो ठिपका हे एकक. अलिफची उंची इतके ठिपके, आणि त्या अलिफच्या हिशोबाने इतर अक्षरांचे बाक. यामुळे अक्षर लहान असो की मशिदीच्या भिंतीवर हातभर असो, त्याचे रूप बिघडत नाही. प्रमाण म्हणजे हेच: भागांचे एकमेकांशी आणि सगळ्यांचे पूर्ण आकाराशी असलेले नाते.

आता हाच शब्द घेऊन छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील बीबी का मकबरा पाहा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर १६६० च्या सुमारास उभी राहिली. दरवाजावर अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी दोन नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. लोक मकबऱ्याला "गरिबांचा ताज" म्हणून मोकळे होतात. ही टीका नव्हे, केवळ शेरा झाला. प्रमाण हा शब्द हाती असेल तर आपण नीट पाहू शकतो. ताजमध्ये मुख्य इमारत रुंद पसरलेली आहे आणि मिनार तिच्यापासून दूर, सडपातळ उभे आहेत. मकबऱ्यात इमारत अरुंद वाटते, म्हणून उंची अधिक भासते आणि मिनार जवळ येऊन भारी होतात. संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागाला आहे. मधल्या भिंती दगडाच्या असून त्यांवर चुन्याचा गिलावा आहे. त्या गिलाव्यावरचे वेलबुट्टीचे काम मात्र इतके नाजूक आहे की त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढावा. सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी एवढे तरी दाखवावे, ही विनंती.

तिसरी गोष्ट रंग आणि रचना. यासाठी फार लांब जायला नको. पुण्यात सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात एक फारसी हस्तलिखित आहे. हे मंडळ वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केले. हस्तलिखिताचे नाव 'तारीफ-इ-हुसेनशाही', कवी आफताबी. अहमदनगरचा हुसेन निजामशाह पहिला याची ही प्रशस्ती आहे. १५६५ च्या जानेवारीत तालिकोटची लढाई झाली आणि त्याच वर्षी हुसेन निजामशाह मरण पावला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, त्याची बेगम खुंजा हुमायून अल्पवयीन मुलाच्या वतीने कारभार पाहत असताना हे पुस्तक सजवले गेले, असे अभ्यासक मानतात. चांदबीबी ही हिचीच मुलगी. या पोथीत आज बारा चित्रे आहेत, आणि दख्खनी चित्रकलेचा अगदी आरंभीचा नमुना म्हणून जगभरचे अभ्यासक त्यांचा उल्लेख करतात. जी. टी. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी हा ग्रंथ संपादून १९८७ साली मंडळातर्फे प्रसिद्ध केला.

या चित्रांतील क्षितिजरेषा उंचावर आहे. ही इराणी रीत. पण उंच, सडपातळ स्त्रिया, त्यांच्या लांब वेण्या, चोळी आणि वस्त्राची ठेवण ही इथल्या मातीतली आहे. रंग सपाट आणि भरगच्च आहेत, त्यांत छायाप्रकाश जवळजवळ नाही. तांबडा, पिवळा, सोनेरी हे उष्ण रंग. निळा, हिरवा हे शीत. उष्ण रंग पुढे येतात, शीत रंग मागे सरतात, आणि दोहोंच्या मांडणीवर डोळा आधी कोठे जाईल हे ठरते. एका चित्रात बेगमेच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो. स्त्रीच्या स्पर्शाने फुलणाऱ्या वृक्षाची ही कल्पना जुन्या भारतीय शिल्पांत दोहद या नावाने प्रसिद्ध आहे. फारसी काव्य, इराणी क्षितिज आणि भारतीय दोहद एका पानावर!

आणि आता रचनेचे गमक. ज्या चित्रांत बादशहाशेजारी बेगम बसलेली होती, त्यांपैकी बहुतेकांत तिची आकृती नंतर कोणीतरी रंग देऊन पुसून टाकली आहे. १५६९ मध्ये मुलाने तिची सत्ता संपवून तिला कैदेत टाकले. त्या घटनेशी हे पुसणे जोडले जाते. बादशहा सिंहासनावर एका बाजूला सरकलेला, त्याचा हात कोणाला तरी वेढलेला, दासींचे चेहरे त्या जागेकडे वळलेले, आणि जागा रिकामी. समतोल ढळलेला आहे. रचना म्हणजे काय हे ज्याला कळते त्याला इतिहासाचे पुस्तक न उघडताही समजते की येथे कोणीतरी होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने चित्र वाचायला शिकावे ते याचसाठी.

खोलीचा आभास हा प्रश्न निराळा आहे. दूरची वस्तू लहान दाखवणे, समांतर रेषा लांब जाऊन एका बिंदूत मिळवणे, याला यथार्थदर्शन म्हणतात. विश्वकोशात यथादर्शन असाही शब्द आढळतो. ही पद्धत युरोपात पंधराव्या शतकात शास्त्रशुद्ध झाली आणि आपल्याकडे ती मुख्यतः इंग्रजांच्या कलाशाळांतून आली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, आणि तिच्या शिस्तीतून पुढे शालेय चित्रकलेचे वळण ठरले. तथापि आपल्याकडील कारागिरांना डोळ्याला चकवणे ठाऊक नव्हते असे नाही. विजापूरच्या जामी मशिदीचा मेहराब १६३६ साली मुहम्मद आदिलशाहाच्या काळात रंगवला गेला. त्यावर सोनेरी कामात कोनाडे काढले आहेत आणि त्या कोनाड्यांत पुस्तके, सुरया ठेवल्याचा भास होतो. भिंत मात्र सपाट!

काही पालक माझ्याकडे येऊन सांगतात की सजीवांची चित्रे काढणे त्यांना पसंत नाही, म्हणून मुलाला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवायचे नाही. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. त्यांनी फक्त परीक्षेचे विषय एकदा वाचावेत. वस्तुचित्रात तांब्या, पेला, भाजी असते. संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम. कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन तर आहेच. माणसे काढावी लागतात ती बहुधा स्मरणचित्रात. ज्या परंपरेने जाळी, वेलबुट्टी आणि खुशखत यांत जगाला तोड नाही असे काम केले, तिच्या मुलांनी संकल्पचित्राच्या कागदात मागे का राहावे? वर्तुळाचे समान भाग पाडून त्यातून तारका काढण्याची रीत भूमितीच्या तासालाही उपयोगी पडते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, हे व्यवहारी पालकांसाठी जाता जाता सांगतो.

पोत हा शब्द येथील पालकांना शिकवण्याची गरज नाही. लेथवरून उतरलेला पृष्ठभाग, ग्राइंडिंग केलेला आणि बफिंग केलेला यांतील फरक ते बोटाने ओळखतात. बिदरी भांड्यावर हाच खेळ आहे: जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदी बसवायची, मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या द्रावणाने धातू काळा करायचा. चांदी तशीच चमकत राहते. काळा मंद पोत आणि चांदीचा लखलखीत पोत यांच्या विरोधावर सारी नक्षी उभी आहे.

अवकाश हा शब्द समजण्यासाठी निगडीतच थांबा. भक्ती-शक्ती उद्यानातील शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या भेटीचे समूहशिल्प आपण शेकडो वेळा पाहिले असेल. निदान त्यापुढे उभे राहून फोटो तरी काढला असेल. पुढच्या वेळी पुतळ्यांऐवजी पुतळ्यांच्या मधली मोकळी जागा पाहा. दोन आकृतींमधले अंतर किती ठेवले आहे, नजरा कोणत्या रेषेत मिळतात, बाजूने गेल्यावर ती जागा कशी बदलते. शिल्पकाराने धातूइतकाच विचार त्या मोकळ्या जागेचा केलेला असतो. मुलांना घेऊन एकदा चारी बाजूंनी फिरा आणि त्यांना बोलू द्या.

शब्दाचे सामर्थ्य किती असते याचे एक उदाहरण सांगून हे लांबलेले लिखाण थांबवतो. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ साली मध्य प्रदेशातील एका खेड्यात झाला. ते १९४३ साली मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. यांपैकी हुसेन यांनी सिनेमाची पोस्टरे रंगवली होती आणि आरा यांनी मोटारी धुण्याचे काम केले होते. १९४८ साली रझा काश्मीरमध्ये चित्रे काढत असताना हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी त्यांची भेट झाली. त्याने चित्रे पाहिली, गुण मान्य केला आणि सांगितले की यांत रचना नाही, बांधणी नाही. घराला पाया लागतो तसा चित्रालाही लागतो, तुम्ही सेझानचा अभ्यास करा. तो नुसते "छान आहे" म्हणाला असता तर रझा निसर्गचित्रे काढत राहिले असते. त्या एका शब्दाचा अर्थ शोधण्यासाठी ते फ्रेंच शिकले आणि १९५० साली शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले. पुढे बिंदू हा त्यांच्या चित्रांचा केंद्रविषय झाला. तो बिंदूही लहानपणीचाच होता: प्राथमिक शाळेत या चंचल मुलाचे लक्ष स्थिर व्हावे म्हणून त्यांच्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते.